मनगटावरचं घड्याळ रोज घालताय? मग या चुका टाळा

जुलैमधे आमच्या घड्याळजींकडे कधीही जा, काउंटरवर निम्म्या लोकांची एकच तक्रार असते, काचेच्या आत वाफ धरलीय. दोन वर्षांपूर्वी मी पण त्याच लाइनीत उभा होतो. पाऊस जोरात, डाव्या हातात छत्री, दांड्यावरून पाणी ओघळून थेट मनगटावर, आणि मी निवांत, कारण मागच्या झाकणावर वॉटर रेझिस्टंट 30 मीटर असं छापलेलं. घरी येऊन बघतो तर सहाच्या आकड्यापाशी आतून बारीक थेंब.

तर सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 30 मीटर म्हणजे घड्याळ 30 मीटर खोल पाण्यात नेता येतं असा अर्थ अजिबात नाही, ती टेस्ट नव्या घड्याळावर स्थिर दाबाखाली केलेली असते. रोजच्या वापरात 30 मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे, बास. 50 वर थोडंफार पोहणं चालतं, बिनधास्त पोहायचं तर 100 पाहिजे, आणि हे सगळं आतली रबर रिंग धड आहे तोपर्यंतच, ती वयाने, घामाने, साबणाने कडक होत जाते. गरम पाण्याने अंघोळ तर घड्याळ घालून करूच नका, 100 मीटरचं असलं तरी. तापलेलं घड्याळ गार झालं की आतली हवा आकसते आणि रिंग सैल असेल तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पावसाळ्यात मी आता सरळ प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीत टाकून खिशात ठेवतो.

वाफ धरलीच तर तांदळाच्या डब्यात पुरू नका आणि हेअर ड्रायर तर मारूच नका, त्याने आतलं पाणी बाहेर न जाता सगळ्या मशीनभर पसरतं. त्याच दिवशी झाकण उघडून घ्या. मी चार दिवस थांबलो होतो, वाफ गेली म्हणून खूश, आणि नंतर उघडलं तर आतल्या स्क्रूंवर गंजाचे ठिपके.

आता चावीच्या घड्याळांबद्दल, कारण याबाबतीत मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, चांगली चांगली घड्याळं लोक हाताने घालवतात. एचएमटीने 1961 मधे जपानच्या सिटिझनबरोबर बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि त्यानंतर कितीतरी घरात पहिलं घड्याळ एचएमटीचंच आलं. आमच्याकडे वडिलांचं एचएमटी जनता आहे, रोज चावी द्यायचं मॉडेल. ते रेडिओवर सकाळी सात पाचच्या बातम्या लागल्या की घड्याळ मनगटावरून काढायचे, डाव्या हाताच्या चिमटीत धरायचे आणि उजव्या हाताने सावकाश चावी द्यायचे, चावी घट्ट लागली की लगेच थांबायचे. रोज एकाच वेळी. लहानपणी मला वाटायचं हा त्यांचा छंद आहे, नंतर कळलं की यात तिन्ही गोष्टी बरोबर होत्या. हातात घातलेल्या घड्याळाला चावी दिली की बोट तिरकं बसतं आणि चावीचा दांडा एका बाजूला दाबला जातो. घट्ट लागल्यावर अजून एक पीळ दिला तर आतलं काहीतरी तुटायची भीती. आणि रोज ठरलेल्या वेळी दिली की स्प्रिंगचा ताण सारखा राहतो, मागेपुढे होणं कमी. "जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं" असं लोक म्हणतात, पण बहुतेक वेळा आतलं तेल सुकलेलं असतं. चार-पाच वर्षांत एकदा खोलून साफ करून तेल घालून घ्या, चालतंय म्हणून चालवत राहू नका, कोरडं मशीन झिजतच असतं.

तारखेचं तर बहुतेकांना माहीतच नसतं. 30 दिवसांचे चार महिने आणि फेब्रुवारी धरून वर्षातून पाच वेळा तारीख हाताने पुढे करावी लागते, आणि आपल्याला ते आठवतं रात्री झोपताना. नेमकी तीच चुकीची वेळ. साधारण रात्री 9 ते पहाटे 3 च्या दरम्यान मशीनमधली तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, तेव्हा चावी ओढून झटकन तारीख फिरवली तर दाता तुटू शकतो. आधी काटे फिरवून सहावर आणा, मग आदल्या दिवसाची तारीख लावा, मग काटे पुढे नेत आजची तारीख येऊ द्या. अर्धा मिनिट जास्त जातो, जाऊ दे.

चावीचं किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं) घड्याळ अचानक रोज पाच-दहा मिनिटं पुढे जायला लागलं तर मशीन बिघडलं म्हणून घाबरू नका. बहुतेक त्याला चुंबक लागलंय. रात्री स्पीकरवर ठेवलं, पर्सच्या चुंबकाच्या बटणाला चिकटून राहिलं, मोबाइलच्या फ्लिप कव्हरशेजारी पडलं, की आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळायला लागतं. साधं होकायंत्र जवळ नेऊन बघा, सुई थरथरली तर हेच. घड्याळजीकडे चुंबक उतरवायचं मशीन असतं, काम काही सेकंदांचं.

सेलच्या घड्याळात सेकंद काटा एकदम चार-चार सेकंदांची उडी मारायला लागला तर ती बऱ्याच क्वार्ट्झ घड्याळांत सेल संपत आल्याची खूण असते. आणि लग्नात मिळालेली, कपाटात पडलेली घड्याळं आज बाहेर काढा, खरंच. संपलेला सेल आत राहिला की कधीतरी गळतो आणि मशीन खाऊन टाकतो. घालायचं नसेल तर सेल काढून ठेवा.

पट्ट्याचं थोडक्यात: चामड्याचा पट्टा मुंबई-कोकणच्या घामात रोज घालू नका, एक दिवस आड ठेवा, रात्री उशाखाली न टाकता मोकळ्या हवेत ठेवा. पट्टा आणि मनगटामधे करंगळी सहज गेली पाहिजे. सेंट आधी मारा, वाळू दे, मग घड्याळ. स्टीलचं कडं आणि घड्याळ एकाच हातात नको, कडं चालताना चावीवरच आपटत राहतं. कोणत्या हातात घालायचं ही ज्याची त्याची आवड, पण काच आतल्या बाजूला ठेवून घालायची सवय असेल तर टेबलावर हात टेकताना जपा, ओरखडे तिथेच पडतात. जुन्या एचएमटीची काच ॲक्रिलिकची, म्हणजे प्लॅस्टिकची, असेल तर टूथपेस्ट सुती फडक्यावर घेऊन हलकं घासलं की बारीक ओरखडे जातात, नव्या मिनरल काचेवर त्याचा काही उपयोग नाही.

आणि सेल बदलायला गेलात की नुसतं "सेल टाका" म्हणू नका. माझ्या पावसाच्या गोष्टीत नंतर कळलं ते हे की आधीच्या वर्षी एका दुकानात सेल बदलताना झाकणाखालची रिंग वेडीवाकडी बसली होती, एका जागी झाकणात चेपलेली. रिंग दाखवा म्हणा, कडक झाली असेल तर नवी टाकायला सांगा, आणि झाकण बसेपर्यंत काउंटरवरून हलू नका.