अंधुक उजेडात हरणांचे फोटो काढताय? आयएसओला घाबरू नका

हरणं बाहेर पडतात ती नेमकी उजेड नसतो तेव्हा, पहाटे नाहीतर दिवस मावळताना, आणि तेव्हा बरेच जण नॉइज, म्हणजे फोटोत दाणे-ठिपके, येईल म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८०० वरच धरून बसतात, मग शटर उतरतं १/३० सेकंदावर आणि घरी येऊन बघावं तर सगळे फोटो हललेले. मीपण एक अख्खा सीझन असाच घालवलाय. नॉइज नंतर काढता येतो हो, हललेलं तोंड नाही.

आता मी मॅन्युअल मोडवर असतो, अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, लेन्सचं सगळ्यात मोठं जे असेल ते, एफ/४ म्हणा ५.६ म्हणा, शटर १/२५०, आयएसओ ऑटो आणि त्याची वरची लिमिट ६४००. उजेड अजून उतरला की शटर १/१२५, अगदीच नाइलाज झाला तर १/६०, पण तेव्हा लेन्स बीनबॅगवर (दाणे भरलेल्या पिशवीवर) टेकलेली पाहिजे. स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, हरणाची मान नाही सावरत.

आणि चरताना ती मान सतत हलतच असते. पण मधेच हरीण डोकं वर काढतं, दोन्ही कान पुढे, चावणंसुद्धा बंद, गवताची काडी तोंडातून तशीच लोंबतेय. तेच एक-दोन सेकंद आपले! तेव्हा चार-पाच फ्रेमचा बर्स्ट मारा, पहिली बोटाच्या दाबाने हलते, पुढच्यातली एखादी चांगली निघते. फोकस सिंगल पॉइंट, डोळ्यावर. तिथे पकडत नसेल आणि हरीण बाजूने दिसत असेल तर कानाच्या कडेवर घ्या, कडेला कॉन्ट्रास्ट जास्त असतो.

वारा आपल्या तोंडावर येईल असं बसा, त्यांना वास लागला की खेळ खलास. फ्लॅश नकोच, डोळे काचेच्या गोट्यांसारखे चमकतात.

शूट रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) करा, आणि एडिट करताना आधी डीनॉइज, मग बाकीचं. रंगीत ठिपके सगळे घालवा पण बारीक दाणा थोडा राहू दे, नाहीतर अंगावरचे केस जाऊन हरीण प्लॅस्टिकचं दिसतं. शार्पनिंग मास्क लावून फक्त तोंडावर, मागच्या झाडीत ते नॉइजच वाढवतं. शॅडोज, म्हणजे काळोखे भाग, फार उचलू नका आणि व्हाइट बॅलन्स (फोटोचा रंगतोल) ऑटोवर सोडू नका, संध्याकाळचा निळेपणाच जातो त्यात. क्रॉप सगळ्यात शेवटी, तोही कमीच.