युक्रेनच्या युनिव्हर्सिटीला, विद्यार्थ्यांना मदत करताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "पोरांना आणि मास्तरांना तिकडनं बाहेर काढलं की झालं काम" असं धरून चालणं. २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर युरोपभर फेलोशिप जाहीर झाल्या, चांगलंच झालं, पण मार्शल लॉ लागला आणि १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडताच येईना, म्हणजे खारकिवच्या प्राध्यापकाला "इकडे या, सगळी सोय करतो" म्हणून काय उपयोग? आणि ज्यांना जाता येतं ते सगळेच गेले तर तिथं शिकवणार कोण?

कारण युनिव्हर्सिट्या चालू आहेत हो. खारकिवची काराझिन युनिव्हर्सिटी १८०४ सालची, मार्च २०२२ च्या हल्ल्यात तिची इकॉनॉमिक्सची बिल्डिंग पेटली, तरी क्लास ऑनलाइन सुरूच राहिले. दोनेत्स्कची तर तिथं लढाई सुरू झाल्यावर २०१४ मध्येच विन्नित्सिया शहरात हलली. त्यामुळे पैसे द्यायचे तर माणूस आहे तिथेच मिळतील असे द्या, पगार चालू ठेवा, आपली ऑनलाइन लायब्ररी खुली करा. ब्रिटनच्या युनिव्हर्सिट्यांनी २०२२ पासून एकेका युक्रेनियन युनिव्हर्सिटीशी जोडी जमवली, ते मला पटतं, कारण काय हवंय ते समोरच्यालाच विचारता येतं. न विचारता जुने कॉम्प्युटर पाठवणं म्हणजे स्वतःचं माळ्यावरचं सामान काढणं.

ऑनलाइन शिकवणार असाल तर फक्त लाइव्ह लेक्चरवर राहू नका. सायरन वाजला की पोरं शेल्टरमध्ये, तिथं रेंज मिळेलच असं नाही, आणि ऑक्टोबर २०२२ पासून पॉवर ग्रिडवर हल्ले सुरू झाले तेव्हापासून लाइटचा भरवसा नाही (लोडशेडिंगचं वेळापत्रक तिथेही लावतात, पण रात्री हल्ला झाला की सकाळी ते गुंडाळून ठेवायचं). एक जीबीचा व्हिडिओ टाकण्यापेक्षा ऑडिओ आणि स्लाइडची हलकी पीडीएफ टाका, लाइट आल्या आल्या फोनवर उतरवून घेता येते. कॅमेरा चालू ठेवायची सक्ती नको, हजेरीचे मार्क तर अजिबात नकोत, आणि सबमिशन उशिरा आलं म्हणून "लाइट गेल्याचा पुरावा द्या" असला मेल कृपया पाठवू नका 🙏

आता आपल्याकडच्या एमबीबीएसवाल्यांचं. ऑपरेशन गंगामधून, म्हणजे भारत सरकारच्या सुटका मोहिमेतून, हजारो पोरं परत आली, त्यात महाराष्ट्रातलीही बरीच, आणि घाबरलेले पालक एजंटच्या नादी लागून भलत्याच देशात ट्रान्सफर शोधायला लागले. इथं घाई नडते. एनएमसीने (आपल्याकडचं नॅशनल मेडिकल कमिशन) सप्टेंबर २०२२ मध्ये मोबिलिटी प्रोग्राम मान्य केला तो एका अटीवर, शिका दुसऱ्या देशात पण डिग्री मूळ युक्रेनियन युनिव्हर्सिटीचीच पाहिजे. म्हणून एजंटला पैसे देण्याआधी डिग्रीवर नाव कुणाचं येणार ते लेखी घ्या, आणि मूळ युनिव्हर्सिटीशी संपर्क तोडू नका, डीन ऑफिसच्या मेलला उत्तर द्या, मार्कांचे ट्रान्सक्रिप्ट दरवर्षीच्या दरवर्षी मागवून ठेवा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे ना, तेही तेव्हाच बघा.