अ‍ॅडमिनमधलं घड्याळ साडेपाच तास चुकतंय? या चुका टाळा

एका मंडळाची वर्डप्रेसवरची साइट मी बघतो. गणेशचतुर्थीच्या आदल्या रात्री सकाळी ६ ची पोस्ट शेड्यूल करून ठेवली, त्यात पूजेची वेळ आणि आरतीचा क्रम. सहा वाजले, सात वाजले, साइटवर काहीच नाही. फोनवर फोन. पोस्ट दिसली ती ११:३० ला! साइट यूटीसीवर (जगाची प्रमाणवेळ, भारतापेक्षा साडेपाच तास मागे) चालत होती आणि आम्ही तिला भारतातली वेळ सांगत होतो.

तेव्हापासून माझ्याकडच्या प्रत्येक साइटच्या डॅशबोर्डवर वेळ आणि टाइमझोन दाखवणारी छोटी चौकट असतेच. पण ती चुकीची बनवली तर नसलेली बरी, कारण लोक तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात.

ब्राउझरची वेळ सर्व्हरच्या नावावर खपवणे

ही सगळ्यात घातक चूक. जावास्क्रिप्टने सरळ आत्ताची वेळ घेतली की दिसते ती बघणाऱ्याच्या लॅपटॉपची वेळ. पुण्यात बसून पाहिलं तर सगळं बरोबर वाटतं आणि सर्व्हर मात्र भलत्याच वेळेवर चालू असतो. तपासणं सोपं आहे. लॅपटॉपचा टाइमझोन क्षणभर टोकियो करा आणि पान रिफ्रेश करा. चौकटीतली वेळ साडेतीन तास पुढे सरकली, तर ती सर्व्हरची नव्हेच. सेकंद पळताना दिसायला हवेत? मग सुरुवातीची वेळ सर्व्हरकडून घ्या आणि पुढे फक्त सेकंद वाढवत राहा.

एकच वेळ दाखवणे

वर्डप्रेस सुरू होतानाच पीएचपीला, म्हणजे ते ज्या भाषेत लिहिलंय तिला, यूटीसीवर ठेवतं. त्यामुळे सेटिंग्जमध्ये कोलकाता निवडलेलं असलं तरी पीएचपीचं वेळ सांगणारं साधं फंक्शन डेट() यूटीसीच देतं. मग कुणीतरी थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये पीएचपीचा डिफॉल्ट टाइमझोन बदलून टाकतं. असं अजिबात करू नका. वर्डप्रेसची आतली गणितं यूटीसी धरून चालतात, ती बिघडतात आणि साइट हेल्थमध्ये (वर्डप्रेसचं साइट तपासणारं पान) तक्रार दिसू लागते. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून डब्ल्यूपी_डेट() आहे, ते साइटच्या टाइमझोनमधली वेळ देतं.

डेटाबेसचं घड्याळ आणखी वेगळं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये नाऊ() आणि यूटीसी_टाइमस्टॅम्प() एकाच क्वेरीत विचारा. दोन्ही सारखे आले तर डेटाबेस यूटीसीवर, साडेपाच तासांचा फरक आला तर भारतीय वेळेवर. एखादं प्लगइन नाऊ() वापरून नोंद करत असेल तर हे कळायलाच हवं. माझ्या चौकटीत तीन ओळी असतात:

साइट: ०६:००:१२, आशिया/कोलकाता
यूटीसी: ००:३०:१२
डेटाबेस: ००:३०:१२

टाइमझोनचं नाव पूर्ण लिहा. नुसतं आयएसटी लिहिलं तर इस्राएल आणि आयर्लंडची वेळही त्याच अक्षरांनी ओळखली जाते.

शहराऐवजी आकडा निवडणे

भारतात यूटीसी+५:३० निवडलं तरी वेळ चुकत नाही, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. पण न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या साइटवर यूटीसी-५ ठेवलं, तर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत संध्याकाळी ७ ची पोस्ट ८ ला जाते. तिथे न्यू यॉर्क शहरच निवडा.

टाइमझोन बदलला आणि विसरलो

आधी शेड्यूल केलेल्या पोस्ट नव्या टाइमझोनप्रमाणे आपोआप सरकत नाहीत. वर्डप्रेस प्रत्येक पोस्टच्या दोन वेळा साठवतं, स्थानिक आणि जीएमटी (इथे यूटीसीच समजा), आणि पोस्ट निघते जीएमटीप्रमाणे. म्हणून पडद्यावर सकाळचे ६ दिसत राहतात आणि पोस्ट साडेअकरालाच येते. अशी प्रत्येक पोस्ट उघडा, वेळ एखादं मिनिट इकडेतिकडे करा आणि सेव्ह करा.

तरीही उशीर होतोय?

सगळी घड्याळं जुळत असूनही पोस्ट उशिरा निघत असेल, तर दोष टाइमझोनचा नाही. वर्डप्रेसचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणारी यंत्रणा, कुणी साइट उघडली तरच हलतो आणि पहाटे कुणी येत नाही. तो बंद करून सर्व्हरचा खरा क्रॉन दर पाच मिनिटांनी लावा.

चौकटीतली वेळ आणि खरी वेळ यांत फरक किती आहे त्यावरून दुखणं ओळखता येतं. साडेपाच तास असेल तर टाइमझोन, बरोबर एक तास असेल तर उन्हाळी वेळ. आणि तीन-चार मिनिटांचा असेल तर सर्व्हरचं घड्याळच वाहवत गेलंय. अशा वेळी दर ३० सेकंदांनी बदलणारे लॉगिन कोडही नाकारले जातात, म्हणून हे अंगावर काढू नका. स्वतःचा लिनक्स सर्व्हर असेल तर टाइमडेटसीटीएल ही कमांड चालवून घड्याळ सिंक होतंय का ते पाहा. शेअर्ड होस्टिंगवर ते आपल्या हातात नसतं. होस्टला तिकीट टाका आणि सोबत यूटीसीची खरी वेळ व चौकटीतली वेळ, दोन्ही एकाच स्क्रीनशॉटमध्ये जोडा.