व्यायामवर्गामुळे म्हातारपणी बुद्धी शाबूत राहते का आणि त्यावरचा खर्च वसूल होतो का: हिशेब कसा करावा

खर्चाची बाजू सोपी. प्रशिक्षकाचं मानधन, धरमपेठेतल्या हॉलचं भाडं, ऑटोचे पैसे आणि आजींना सोडायला येणाऱ्या सुनेचा वेळ. तो वेळ फुकटचा धरू नका. फायदा मोजायला ३० गुणांची मोका चाचणी (स्मरण, लक्ष, भाषा तपासणारी छोटी चाचणी) घ्या, घरी बोलतात त्या भाषेत.

खरी अडचण तुलना गटाची. मीही इथेच सर्वांत जास्त अडकलो. ‘वर्गाआधी इतके गुण, वर्षाने इतके’ असा तक्ता कोणी दाखवला तर त्यावर एक रुपयाही मंजूर करू नका. तीच चाचणी दुसऱ्यांदा देताना सरावानेच गुण वाढतात. म्हणून इच्छुकांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट करा: एकाला व्यायाम, दुसऱ्याला फक्त आरोग्याची व्याख्यानं.

समजा, व्यायामाला माणशी ६,००० रुपये लागले आणि गुण २ ने वाढले. एका गुणाला ३,००० रुपये, स्वस्त वाटतं. पण व्याख्यानांना माणशी १,००० लागले आणि तिथेही गुण दीडने वाढले, तर जादा खर्च ५,००० आणि जादा फायदा अर्धा गुण. म्हणजे एका गुणाला १०,००० रुपये. खरा आकडा हाच.

अमेरिकेतल्या ‘लाइफ’ अभ्यासात ७० ते ८९ वयाच्या १,६३५ लोकांची अशीच तुलना झाली. २०१५ साली निष्कर्ष आला: दोन वर्षांनंतरही बुद्धीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फरक नाही. नुसता व्यायामाचा गट पाहिला असता तर हे कळलंच नसतं.

दुसरा धोका आपल्या नागपूरच्या मे महिन्याचा. पारा ४५ च्या घरात गेला की अशक्त माणसं आधी गळतात आणि उरलेल्या धडधाकटांची सरासरी छान दिसते. सोडून गेलेल्यांचीही वर्षअखेरीची चाचणी घ्या, घरी जाऊन घ्या आणि त्यांना मूळ गटातच मोजा. यात तडजोड नको.

ब्रिटनमधल्या ‘डापा’ अभ्यासाचे आकडे मात्र इथे वापरू नका. ते आधीच स्मृतिभ्रंश झालेल्यांचे आहेत, प्रतिबंधाचे नव्हेत.

शेवटी दोन गटांतला फरक शून्याजवळ आला तर ‘एका गुणाला किती रुपये’ हा भागाकार करूच नका. रक्तदाब आणि तोल यांतला फायदा वेगळा मोजा आणि अनुदानाचा अर्ज त्याच्या नावाने करा.