आघातावरच्या थेरपीचा उपयोग होतोय का, हे कसं तपासावं

पहिल्या सत्राआधीच पीसीएल-५ ही मानसिक आघातानंतरच्या त्रासाची (पीटीएसडी) लक्षणं मोजणारी प्रश्नावली भरून घ्या. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८०; गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. ही नोंद राहून गेली, तर पुढे तुलना कशाशी करणार?

मग दर एक-दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली, सत्र सुरू होण्यापूर्वी. सत्रानंतर भरली तर नुकतीच उकरलेली आठवण गुण फुगवते. ‘गेल्या आठवड्यात’ आणि ‘गेल्या महिन्यात’ विचारणारे फॉर्म एकत्र मिसळू नका. ही चूक फार होते.

दोन-चार गुणांचा चढउतार सोडून द्या. साधारण १० गुणांची घट टिकली, तर फरक खरा धरावा. आठवणींवर काम सुरू होताना काहींचे गुण थोडे वाढतात. तेवढ्यावरून थेरपी फसली म्हणू नये.

नुसत्या बेरजेवर मात्र विसंबू नका. झोप सुधारली, दचकणं कमी झालं, पण अपघाताचा चौक टाळून रोज लांबचा वळसा चालूच आहे? मग गुण टाळाटाळीमुळेच उतरले असतील. कामावर जाणं, माणसांत मिसळणं वेगळं विचारा. जीव नकोसा वाटतो का, हेही दर वेळी थेट विचारा; पीसीएल-५ ते विचारत नाही.

थेरपी संपल्यावर तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.