जुनी ब्रिटिश संगीन घेताना आधी म्यान पाहावे

संगिनींचा संग्रह सुरू करणाऱ्या बहुतेकांची नजर पहिल्यांदा पात्यावर जाते आणि तिथेच अडकते. माझीही तशीच अडकली होती. पाते चकचकीत आहे आणि टोक शाबूत आहे, एवढेच पाहून वस्तू घेतली की पुढे हळहळण्याची वेळ येते, कारण पाते घासून उजळता येते, त्यावर हवे ते ठसे मारता येतात आणि मोडलेले टोकही नव्याने घडवता येते. शंभर वर्षे वापरून, वाळून, शिवणीत काळवंडलेल्या चामड्याची नक्कल करणे त्या मानाने फार अवघड असते. म्हणून संगीन हातात आली की मी आधी म्यान पाहतो, मग मूठ आणि सर्वांत शेवटी पाते. सोलापुरात राहणाऱ्याला तर हा क्रम पाळावाच लागतो, कारण इथल्या कोरड्या हवेत पोलाद सुखाने नांदते आणि चामड्याचे मात्र हाल होतात.

खरेदीच्या आधी कायद्याची बाजू नीट समजून घेणे भाग आहे. शस्त्र अधिनियम, 1959 खाली केलेल्या 2016 च्या नियमांत पहिल्या अनुसूचीच्या पाचव्या वर्गात तलवार, खंजीर आणि भाला यांच्या पंक्तीत संगिनीचेही नाव आहे, आणि 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पाते ही मोजपट्टीही तिथेच दिलेली आहे. वस्तू जुनी आहे, धार गेलेली आहे किंवा ती केवळ शोभेसाठी ठेवली आहे, असे आपल्याला कितीही वाटले तरी तो अर्थ आपण परस्पर लावू नये. सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने शहरातील रहिवाशाने तिथल्या परवाना शाखेत आणि ग्रामीण भागातील रहिवाशाने जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा, अर्जाला वस्तूचे वर्णन, पात्याचे माप आणि छायाचित्रे जोडावीत आणि उत्तर लेखी घ्यावे. माझ्या घरी पहिली संगीन लेखी उत्तर हाती आल्यावरच आली, आणि त्या कागदाची प्रत आजही वस्तूसोबत असते. परवानगी असली तरी वस्तू घेऊन हिंडण्याची मुभा मिळाली, असे समजू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली वेळोवेळी जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पिशवीतून संगीन नेऊन मित्राला दाखवण्याची हौस अंगाशी येऊ शकते. शिवाय शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही आणि तिच्या विक्रीचा व्यवसाय करायचा तर त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

यानंतर आपण नेमके काय जमवणार, हे ठरवावे. ब्रिटिश संगिनींचा पसारा एवढा आहे की सगळेच गोळा करणाऱ्याच्या हाती शेवटी नुसते लोखंड उरते. 1853 च्या एनफील्ड रायफलीची संगीन नळकांड्यासारख्या कड्याने बंदुकीच्या तोंडावर बसत असे आणि तिचे पाते तीन बाजूंचे, सुमारे 17 इंचांचे होते. मार्टिनी-हेन्रीसाठी 1876 मध्ये त्याच जातीची, पण साडेएकवीस इंचांच्या आसपास पाते असलेली संगीन आली. 1888 ची ली-मेटफर्डची संगीन 12 इंची आणि दुधारी होती, तर 1903 ची संगीन तिच्याच वळणाची होती. शॉर्ट ली-एनफील्ड ही आधीच्या रायफलींपेक्षा आखूड असल्याने सैनिकाची पोहोच कमी पडू लागली, आणि ती भरून काढण्यासाठी जपानी अरिसाका रायफलीच्या संगिनीचा कित्ता गिरवून 1907 चा 17 इंची नमुना तयार झाला. 1913 चा नमुना दिसायला अगदी तसाच असतो, पण त्याच्या लाकडी मुठीवर दोन आडव्या खाचा असतात आणि तो दुसऱ्याच रायफलीवर बसतो. दुसऱ्या महायुद्धातील चार क्रमांकाच्या रायफलीची संगीन म्हणजे 8 इंचांचा निव्वळ सुळा. तिला धड मूठही नाही आणि तिच्यात पाहण्यासारखेही फारसे काही नाही, असे माझे मत आहे. काहींना ते पटत नाही.

नवख्याने 1907 च्या नमुन्यापासून सुरुवात करावी. तो मोठ्या संख्येने बनला, एनफील्डच्या सरकारी कारखान्यापासून विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, मोल अशा अनेक कारखान्यांनी तो बनवला, ऑस्ट्रेलियातील लिथगो आणि आपल्याकडील इशापूर इथेही तो घडला, आणि त्याच्यावर वाचण्यासारखा मजकूर भरपूर असतो. हा मजकूर मुठीलगतच्या, धार नसलेल्या पात्याच्या सपाट भागावर असतो. मंगळवार पेठेत एका जुन्या सामानाच्या दुकानात मला पहिल्यांदा अशी संगीन दिसली तेव्हा विक्रेता ठामपणे म्हणाला, “मालक, एकोणीसशे सातची हाय, वर लिवलंय की.” लिहिलेले होते खरे. पण 1907 हे नमुना मंजूर झाल्याचे वर्ष असते, आणि वस्तू बनल्याचा महिना व वर्ष त्याच्या खाली बारीक अंकांत मारलेले असतात. मी खिशातून खडू काढून तो भाग पूड चोळून पुसला, मोबाइलचा उजेड आडवा धरला आणि मुकुट, त्याखाली राजाची जी आर ही अक्षरे, मग 1907, मग 1 आणि 17 हे अंक आणि शेवटी विल्किन्सनचे नाव असा क्रम उमटला. म्हणजे ती संगीन जानेवारी 1917 ची होती. दुसऱ्या बाजूला सरकारी मालकीचा बाण, पाते वाकवून तपासल्याची फुलीसारखी खूण आणि तपासनिसांचे मुकुट-क्रमांकांचे ठसे होते. एकमेकांच्या टोकाला टोक लावलेले दोन बाण दिसले तर ती वस्तू सेवेतून रीतसर विकून टाकलेली असते, आणि अशी खूण मला कोणत्याही नक्षीपेक्षा मोलाची वाटते. इशापूरच्या संगिनींवर आर एफ आय (रायफल फॅक्टरी इशापूर) ही अक्षरे आणि राजाच्या नावापुढे सम्राटपदाचा आय असा जी आर आय हा ठसा येतो.

भारतात हिंडताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. दुसऱ्या महायुद्धात इथे 17 इंची संगिनी कापून 12 इंचांच्या आसपास आणल्या गेल्या आणि नव्याही आखूडच बनल्या. कापलेली संगीन ओळखण्याची खूण म्हणजे पात्यावरची पन्हळ, म्हणजे लांबीने जाणारी खोलगट चर. मूळ पात्यात ती टोकाच्या बरीच अलीकडे संपते, तर कापलेल्या पात्यात थेट टोकापर्यंत पळत जाते. ही पन्हळ रक्त वाहून जावे म्हणून असते, असे प्रत्येक विक्रेता सांगतो आणि प्रत्येक गिऱ्हाईक मान डोलावते; प्रत्यक्षात पाते हलके व्हावे आणि तरी ताठ राहावे, एवढाच तिचा उद्देश असतो. अशी कापलेली संगीन खोटी ठरत नाही, ती तिच्या जागी अस्सलच असते, फक्त तिला 17 इंचीची किंमत देऊ नये. खरी फसवणूक आकड्यात, म्हणजे हुकात, असते. 1907 च्या नमुन्याला सुरुवातीला मुठीपाशी पुढे वळलेला आकडा होता, तो 1913 मध्ये काढून टाकला गेला आणि आधीच्या बऱ्याच संगिनींचाही दुरुस्तीच्या वेळी छाटला गेला. त्यामुळे आकडा असलेली संगीन दुर्मीळ झाली आणि साध्या संगिनीला आकडा डकवण्याचा उद्योग सुरू झाला. पात्यावर 1916 किंवा 1917 चा ठसा असूनही आकडा डौलात मिरवत असेल, तर वस्तू तिथेच ठेवून चहा प्यायला जावे. मुठीच्या टोकाला तेल आणि कचरा बाहेर पडण्यासाठी असलेले भोक 1916 पासून आले, पण जुन्या संगिनींनाही ते मागाहून पाडले गेले, म्हणून केवळ त्या भोकावरून वय ठरवू नये.

आता म्यान. 1907 चे म्यान चामड्याचे असते, त्याच्या तोंडाला आणि टोकाला पोलादी टोपणे असतात, आणि तोंडाच्या टोपणावर कमरेच्या पट्ट्यातील खोळीत अडकवण्यासाठी एक बोंड असते. हे बोंड आधीच्या म्यानांवर थेंबाच्या आकाराचे आणि नंतरच्यांवर गोल येते. पाठीमागची शिवण सर्वप्रथम पाहावी. मूळ दोरा मेणाने काळा पडलेला, टाके बारीक आणि एकसारखे असतात. पांढरा नायलॉनचा दोरा दिसला की म्यान चांभाराकडे जाऊन आले आहे, असे समजावे. टोपणांवरचे ठसे पात्यावरच्या ठशांशी जुळलेच पाहिजेत असा आग्रह धरू नये, कारण सैन्यात म्याने बदलली जात, पण तारखांत वीस वर्षांचे अंतर असेल तर कारण विचारावे. तोंडाच्या टोपणाच्या आत पाते धरून ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात. खाली गादी किंवा जाड कापड अंथरून संगीन म्यानासह अलगद उलटी धरावी. ती घसरून आली तर स्प्रिंगा गेलेल्या आहेत.

माझी फसगत झाली ती मात्र याहून साध्या ठिकाणी. एका विक्रेत्याकडून मी 12 इंची संगीन म्यानासह घेतली, घरी येऊन ती हलवली तर आत खुळखुळ वाजू लागली. खराट्याची एक काडी म्यानात शेवटपर्यंत सरकवून तोंडाशी नखाने खूण केली आणि ती पात्याला लावून पाहिली, तर काडी पात्यापेक्षा वीतभर नाही तरी सहा-सात बोटे लांब भरली. म्यान 17 इंची संगिनीचे होते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे आपण म्हणतो. इथे एका तलवारीला दुसरीचेच घर मिळाले होते. तेव्हापासून खराट्याची काडी माझ्या पिशवीत असते. ती आत घालताना मध्येच अडली तर आतले चामडे सुटले आहे किंवा जुने पाते मोडून टोक आतच राहिले आहे, हेही तिच्यामुळे कळते.

सोलापुरात हा शोध संथ चालतो. भंगाराच्या दुकानांत, जुन्या वाड्यांच्या आवराआवरीत आणि निवृत्त सैनिकांच्या घरी कधीतरी एखादी वस्तू दिसते; बुधवार-रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार अधिक उपयोगी पडतो. वाड्यांत विचारताना जपून बोलावे. ज्या शहराने मे 1930 मध्ये मार्शल लॉ पाहिला आणि 12 जानेवारी 1931 रोजी आपले चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेलेले पाहिले, तिथे गोऱ्यांच्या शस्त्राची हौस सगळ्यांनाच रुचेल असे नाही. एका आजोबांनी मला “हे घरात कशाला ठेवता?” असे सरळ विचारले होते. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींनी मेसोपोटेमियात याच रायफली आणि याच संगिनी हाताळल्या, हे सांगितल्यावर ते बोलते झाले, आणि त्यांच्या चुलत्याचा पलटणीतला फोटो त्यांनी स्वतःहून दाखवला.

स्वच्छतेच्या नावाखाली सर्वांत जास्त वस्तू बिघडतात. धार लावणाऱ्याकडे संगीन कधीही नेऊ नये. त्याचे कसब धार काढण्यात आहे आणि आपल्याला ठसे वाचवायचे आहेत. चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर यांनी पाते उजळते, पण त्यावरचा शांत काळसर थर जातो आणि खड्डे उघडे पडतात. काळा थर ठेवावा, तांबडा गंज काढावा. त्यासाठी शिलाई मशीनचे किंवा यंत्रमागावर वापरतात तसले पातळ, बिनरंगी तेल लावून पाते दोन दिवस ठेवावे आणि मग तांब्याच्या जुन्या ढब्बू पैशाच्या कडेने गंज हलकेच खरवडावा. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज निघतो आणि पात्यावर ओरखडा पडत नाही. शेवटी तेल पूर्ण पुसून मेणाचा पातळ हात द्यावा. मुठीच्या अक्रोडाच्या लाकडाला जवसाच्या तेलाचे चार थेंब पुरतात. मुठीचे स्क्रू सोडण्याचा मोह टाळावा.

चामड्याला खोबरेल लावू नये. शिवणीचा दोरा त्याने कुजतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते. मऊ ब्रशने धूळ काढावी, चामडे अगदी कडक झाले असेल तर चामड्यासाठीच्या मेणाचा एकच पातळ थर द्यावा आणि वाकवून पाहण्याच्या फंदात पडू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर गेला की वाळलेले म्यान शिवणीपाशी तडकते. म्हणून म्याने पश्चिमेच्या भिंतीतील कपाटात ठेवू नयेत, घराच्या आतल्या भिंतीशी ठेवावीत. संगीन म्यानात घालून ठेवण्याची सवय सर्वांत घातक असते, कारण चामडे कमावताना वापरलेले पदार्थ आणि हवेतला ओलावा मिळून पात्याला गंज चढवतात. दोन्ही वेगवेगळी ठेवावीत, म्यानाचा आकार टिकावा म्हणून आत कोऱ्या कागदाची सैल गुंडाळी सरकवावी आणि पाते धुतलेल्या, बिनरंगी सुती कापडात गुंडाळावे. घरात भरपूर असते म्हणून चादर वापरू नये. जाड विणीत ओल धरून राहते आणि रंगही सुटतो.

प्रत्येक वस्तूची वहीत नोंद ठेवावी: कुठून घेतली, कधी घेतली, पात्याचे आणि म्यानाच्या आतले माप, आणि ठशांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवून घेतलेला उमटा. सोलापूरचा सर्वांत ओला महिना बहुधा सप्टेंबर असतो, म्हणून गणपती उठले की एका दुपारी सगळी पाती बाहेर काढून, कोरड्या हातमोज्यांनी धरून, जुन्या उमट्यांशी ताडून पाहावीत. बोटांच्या घामाचा डाग पडला असेल तर तो त्याच दिवशी तेलाने पुसला जातो, दिवाळीपर्यंत थांबला तर त्याचा खड्डा झालेला असतो.