पोटात मायक्रोस्कोप मावतो कसा? भिंग आणि मोबाईल घेऊन करून बघा

रविवारी पोहे-जलेबी खाता खाता रामबागेतल्या आत्याने विचारलं, "काय रे, दुर्बीण (एंडोस्कोप) पोटात घालतात ते कळलं, पण आतड्याच्या पेशी तिथल्या तिथे बघायला तिच्यात मायक्रोस्कोप मावतो कुठे?" तर आत्या, मावत नाहीच. लेझर वगैरे सगळं बाहेर ट्रॉलीवर असतं, दुर्बिणीच्या २.८ मिमीच्या नळीतून आत जाते ती हजारो काचेच्या तंतूंची एक बारीक जुडी. अशा मायक्रोस्कोपला कॉन्फोकल म्हणतात, आणि त्यातली खरी गंमत मोठं करून दाखवण्यात नाहीये, नको तो उजेड फेकून देण्यात आहे.

हे घरी करून बघायचं तर खोलीत अंधार करा. मोबाईलचा टॉर्च लावून उभा ठेवा, साधारण दीड फुटावर भिंग धरा आणि त्याच्यापलीकडे काळा पुठ्ठा पुढेमागे सरकवत रहा, टॉर्चचा ठिपका एकदम बारीक झाला की बरोब्बर तिथेच सुईने भोक पाडा आणि मागे पांढरा कागद धरा, कागदावर उजेड दिसेल. आता बाकी काही न हलवता मोबाईल चारेक बोटं पुढे किंवा मागे घ्या. उजेड मंदावतो, कारण ठिपका पसरला आणि भोकातून थोडाच गेला. म्हणजे एकाच अंतरावरचा उजेड पास, बाकी सगळा बाद. मार्विन मिन्स्की या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो याच युक्तीसाठी. पोटातल्या जुडीत वेगळं भोक लागत नाही, प्रत्येक तंतूचं टोकच भोकाचं काम करतं, आणि लेझर एकेका तंतूवरून फिरत चित्र भरत जातो.

आता रंग. चिमूटभर हळद सॅनिटायझरमध्ये कालवा (गॅसपासून लांब हं), अंधारात नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारा, हिरवट चमकते. पेशंटला हळदीऐवजी शिरेतून फ्लुरोसीन नावाचा चमकणारा रंग देतात, डोळ्यांचे डॉक्टर पडद्याच्या फोटोसाठी वापरतात तेच. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर पडला की ते हिरवट चमकतं, मग फिल्टर निळा अडवतो आणि हिरवा तेवढा आत घेतो. नंतर काही तास कातडी पिवळसर दिसते, लघवीही पिवळी होते, घाबरायचं नाही, कावीळ नाहीये ती.

स्क्रीनवर चित्र मात्र काळंपांढरं येतं आणि तेही आडव्या कापाचं. लॅबमध्ये बायोप्सी सहसा वडीसारखी उभी कापतात, इथे भाकरीचा पापुद्रा उचलून वरून बघितल्यासारखं दिसतं, म्हणून नवख्या माणसाला काहीच उमगत नाही. शिवाय जुडीचं टोक आतड्याला हलकं टेकवून ठेवावं लागतं, फार दाबलं तर रक्त येतं आणि सोडलं तर चित्र जातं, त्यात पेशंटचा श्वास चालू, आतडं हलतंय. मला विचाराल तर मशीनपेक्षा ते धरणारा डॉक्टरचा हात जास्त महाग आहे.